नापास मिरची

माझ्या मामाला तिखट लागत नाही, ही आमच्या रस्त्यावरची सर्वमान्य गोष्ट होती, आणि ती सर्वमान्य व्हावी म्हणून मामाने आयुष्यभर मेहनत घेतली होती. तो जेवायला बसला की ताटाशेजारी ताज्या मिरच्यांची बशी लागायची. जेवण मुळात तिखट असो वा नसो, प्रत्येक घासाबरोबर एक चावा. कपाळावर घाम, नाकाचा शेंडा लाल, डोळ्यांतून धारा, आणि तोंडाने काय, तर "छे! दम नाही हिच्यात." लोक त्याला झणझण्या म्हणायचे. तोंडावरच म्हणायचे. मामा मान जरा तिरकी करून हसायचा, जणू कुणी सत्कार केला आहे.

त्याचं सलून होतं. रस्त्याला लागून दुकान, दुकानाच्या मागे घर, घराच्या मागे कपडे-भांडी धुवायची फरसबंदी जागा आणि सगळ्याच्या डोक्यावर गच्ची. दुकानात दोन खुर्च्या. एक गिऱ्हाइकाची, आणि दुसरी तिचा खटका बिघडल्यापासून मामाची. मी त्याच्या बहिणीची मुलगी. आई-बाबांच्या नोकऱ्या फिरतीच्या, म्हणून मी मामा-मामीकडे वाढले, आणि पुढे मला नोकरी लागली तरी तिथून हलले नाही. लोक विचारायचे, अजून मामाकडेच? मी म्हणायची, हो, बशीतल्या मिरच्या संपवायला त्याला कुणीतरी लागतं.

कारण मीही त्याच्याच पक्षातली.

मामाला वाळलेल्या मिरचीत रस नव्हता. "वाळकी मिरची म्हणजे फोटो," तो म्हणायचा. "मला माणूस भेटायला हवा." त्याला ताजी हवी, देठासकट, आणि नवी हवी. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या जाती चाखून झाल्यावर त्याने आपल्या गिऱ्हाइकांना कामाला लावलं. ट्रकवाले, जहाजावरचे लोक, लग्नात वाजवणारे बँडवाले, सरकारी तपासनीस, गावोगाव औषधं विकणारा एक विक्रेता, असे कुठून कुठून फिरून आलेले लोक मामाच्या खुर्चीत मान मागे टाकून बसायचे. मामा गळ्यावर वस्तरा ठेवायचा आणि मग शांतपणे विचारायचा, "तिकडे मिरची कशी मिळते हो? पुढच्या खेपेला आणाल का?" गळ्यावर वस्तरा असताना नाही म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

आणि खरोखर आणायचे लोक. कुणी रुमालात, कुणी डब्यात, कुणी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून. करंगळीएवढी जांभळी, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी, अंगठ्याएवढी फुगीर, आकाशाकडे तोंड करून वाढणारी. मामा त्यांना आणणाऱ्याचं नाव द्यायचा. त्यामुळे आमच्या गच्चीवर ट्रकवाली होती, बँडवाली होती, इन्स्पेक्टर होता. "आज इन्स्पेक्टरला पाणी घातलंस का?" असं तो जिन्यातून ओरडायचा तेव्हा शेजारचे नवीन भाडेकरू दचकायचे.

सगळ्यांत मोठी शिकार म्हणजे जहाजी. बोटीवर स्वयंपाक करणारा एक जण होता, सहा-आठ महिन्यांनी उगवायचा आणि तेवढी दाढी घेऊन यायचा. एकदा त्याने साबणाच्या डबीतून एक पिवळी, सुरकुतलेली, वाटाण्याच्या शेंगेहून बुटकी मिरची आणली. मामाने तिथल्या तिथे अर्धी चावली. मग तो खुर्चीत बसला. बिघडलेल्या खुर्चीत, ती मागे गेली तसाच आडवा झाला. बोटीवाल्याने त्याला वारा घातला. मी पाणी आणलं, ते त्याने हाताने दूर केलं. शेवटी उठून बसला, डोळे सुजलेले, ओठ टम्म, आणि म्हणाला, "ही खरी."

त्या आनंदात त्याने उरलेल्या अर्ध्या मिरचीच्या बिया बोटांनी काढल्या, हात साबणाने धुतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्चीत घेतलं. हे गिऱ्हाईक म्हणजे आमच्या शाळेचे हेडमास्तर. मामाने गालांना फेस लावला, बोटांनी नीट चोळला. हेडमास्तर आधी गप्प होते. मग म्हणाले, "आज साबण वेगळा आहे का?" मग काही म्हणालेच नाहीत, टॉवेलसकट उठून नाचायला लागले. मामीने आतून दुधाचं पातेलं आणून त्यांचे गाल बुडवले, तेल लावलं, पुन्हा दूध लावलं. अर्धी दाढी झालेली, अर्धी राहिलेली, गाल टोमॅटोसारखे, अशा थाटात हेडमास्तर शाळेत गेले आणि त्या दिवशी आमच्या वर्गाने जी शांतता पाळली ती पुन्हा कधी पाळली नाही. हसू आवरण्यातच सगळ्यांची शक्ती गेली.

हेडमास्तर पुढेही येत राहिले. पण खुर्चीत बसण्याआधी मामाला समोर तेलाने आणि मग साबणाने हात धुवायला लावायचे, आणि मामाच्या हातून कधी चहासुद्धा घेतला नाही.

आता मामीबद्दल. मामीला तिखट अजिबात चालत नसे. सूपवर मिरपूड भुरभुरली तरी तिला उचकी लागायची. त्यामुळे आमच्या घरात रोज दोन पातेली चढायची. मोठं आमचं, छोटं तिचं. लग्न होऊन मामी घरात आली तेव्हा तिने हौसेने आपल्या पातेल्यातली भाजी मामाला वाढली होती. मामाने एक घास खाल्ला आणि म्हणाला, "हे काय, आजाऱ्याचं जेवण?" त्याच्या मनात काही नव्हतं, थट्टा करायची त्याची सवयच. मामी म्हणाली, "बरं. यापुढे मागितल्याशिवाय वाढणार नाही." मामा ते त्याच संध्याकाळी विसरला. मामी विसरली नाही. तिने ही गोष्ट मला कितीदा तरी सांगितली, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणायची, "बघू की कधी मागतात ते."

त्या छोट्या पातेल्यात काय शिजतं, ते मामाने नंतर कधी झाकण उचलून पाहिलं नाही. मीही नाही. पक्ष म्हणजे पक्ष.

गच्चीवर दर हंगामात परीक्षा व्हायची. मामा बिया साठवायचा, पेरायचा, रोपं वाढवायचा. पण त्याच्या कुंड्या सगळ्या दाटीवाटीने एकमेकींना चिकटून. मधमाश्या या फुलावरून त्या फुलावर, त्यामुळे पुढच्या वर्षी काय उगवेल याचा नेम नसायचा. ट्रकवालीच्या पोटी इन्स्पेक्टर जन्माला यायचा. म्हणून पहिली मिरची धरली की मामा प्रत्येक रोपाची एक तोडून चावायचा. डोळ्यांतून पाणी आलं तर पास. नाही आलं तर मोठ्याने "नापास!", रोप मुळासकट उपटायचं आणि कठड्यावरून खाली मागच्या अंगणात भिरकावायचं. वास कसा आहे, चव कशी आहे, हे प्रश्न त्या परीक्षेत नव्हतेच.

खाली मामी भांडी घासत असायची. रोप तिच्या पुढ्यात पडायचं. "जिवंत झाड फेकवतं कसं हो तुम्हाला?" असं वर बघून ओरडायची आणि गळक्या बादलीत, फुटक्या टबात, दुकानातल्या शाम्पूच्या रिकाम्या कॅनमध्ये माती घालून ते लावायची. काही मरायची, काही जगायची. जगली त्यांची मिरची ती चिमूटभर चाखून बघायची. जराशी जरी जिभेला चावली तर रोप शेजारणीला. चावली नाही तर घरात, आणि तिच्याच बिया पुढच्या हंगामाला. हे ती किती वर्षं करत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. आम्ही त्यांना मामीची झुडपं म्हणायचो. मामा रोज सकाळी त्याच फरशीवर उभा राहून चूळ भरायचा, पण उपटलेल्या रोपाकडे पुन्हा बघायचं त्याला कारणच नव्हतं.

मग एका सकाळी गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन चालवता चालवता मामा खाली बसला. पोटात कळ, आणि उलटीत रक्त. आम्ही त्याला इस्पितळात नेलं. नळी घालून पोट तपासलं. आत जखमा होत्या, बऱ्याच दिवसांच्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आवाज न चढवता बोलणाऱ्या.

"तिखट बंद," त्या म्हणाल्या. "थोडे दिवस नाही. कायमचं."

"हिरवी तरी?" मामाने विचारलं.

"नाही."

"लाल?"

"काका, रंगाचा प्रश्नच नाही."

"आठवड्यातून एक? लहानशी?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, माझं मिरचीशी भांडण नाही. तिखटाशी आहे. तिखट नसलेली मिरची मिळाली तर खुशाल खा."

मामा बाहेर येऊन मला म्हणाला, "तिखट नसलेली मिरची! म्हणजे न कापणारा वस्तरा. ऐकलंस?"

घरी आल्यावर आधी मऊ भात आणि उकडलेल्या भाज्या, हे त्याचं पथ्य होतं. तो खायचा, म्हणजे चिवडायचा. पथ्य सैल झालं, मोठं पातेलं मामीने त्याच्यासाठी बिनतिखट केलं, तरी तेच. त्याला कुठल्याच घासाची चव लागेना. इतकी वर्षं जीभ आगीवर पोसलेली, ती विझल्यावर जीभ काय करते ते तिलाच ठाऊक नव्हतं. दुकानात तो गप्प. गिऱ्हाइकं मान मागे टाकून बसायची आणि मामा नुसतीच दाढी करायचा. कॉलर ढिली झाली, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी त्याचं वजन बघितलं आणि मलाच धारेवर धरलं. "जखमा भरतायत. पण हे खात नाहीत, ते आता जखमांपेक्षा वाईट आहे. यांना खायला घाला, काहीही करा."

मला भीती वाटली, खरीखुरी. झणझण्या मामा दोन खुर्च्यांमध्ये उभा आहे आणि आरशात कमी कमी दिसतोय, हे मला बघवेना.

त्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. जेवताना मामा मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "मला जहाजीचा वास येतोय."

"गच्चीवरून येत असेल," मी म्हणायची.

"छे. इथेच. ताटाजवळ. भास होतोय गं मला." आणि ताट उचलून दुकानात जाऊन जेवायचा. मामी अशा वेळी छोट्या पातेल्याचं झाकण जरा जास्तच वेळ उघडं ठेवायची आणि त्याच्याकडे बघत बसायची. तेव्हा मला वाटायचं, बिचारीला नवऱ्याची काळजी लागली आहे.

शेवटी एके दिवशी मीच भडकले. "मामा, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? तिखट नसलेली चालेल म्हणाल्या. अख्ख्या जगातून मिरच्या गोळा केल्यास, मग ही एक शोधायला काय धाड भरली आहे तुला?"

"मी? आणि सौम्य मिरची शोधू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील झणझण्या जगला. नाही शोधलीस तर दुसरं काहीतरी म्हणतील."

तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून त्याचा आवाज आला, पूर्वीचा. "तिकडे मिरची कशी मिळते हो? नाही, नाही, तिखट नको. वास हवा. मिरचीचा वास, मिरचीची चव, आणि जाळ अजिबात नको." खुर्चीतला ट्रकवाला इतक्या जोरात हसला की मामाला वस्तरा उचलावा लागला. पण गळा त्याचा होता, त्यामुळे आणतो म्हणाला.

आता प्रश्न आला चाखायचं कुणी. मामाला परवानगी नाही. मला सौम्य आणि तिखट यांतला फरकच कळत नव्हता, मामाच्या पंगतीत बसून माझी जीभ चामड्याची झाली होती. घरात एकच जीभ शाबूत होती.

"मी?" मामी म्हणाली. "मला मिरचीतलं काय कळतं?"

"तुला लागली तर ती तिखट," मामा म्हणाला. "एवढं कळलं की झालं."

अशी मामी परीक्षक झाली आणि त्या खुर्चीत काय रुबाबात बसायची! मामा बशी घेऊन समोर उभा. ती डोळे मिटून चिमूटभर चावायची, आणि मामाचा जीव टांगणीला. भाजीवालीने दिलेली मोठी ढोबळी आली. "पाण्याचा फुगा," मामी म्हणाली. बँडवाल्याने लांब पोपटी आणली. "गवत." ट्रकवाल्याने शपथेवर सौम्य म्हणून एक बुटकी लाल आणली, तिने मामीला दुपारभर उचक्या लागल्या आणि ट्रकवाल्याला त्या महिन्यात मामाने पुढच्या दारातून आत घेतलं नाही. काहींना वास होता पण चावत होत्या, काही चावत नव्हत्या पण त्यांत काहीच नव्हतं. तरी मामा हरला नाही. उलट त्याच्या पायांत पुन्हा वेग आला. तो बाजाराच्या टोकापर्यंत जाऊन टोपल्या हुंगायला लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो मिरची चावण्याआधी नाकाशी नेत होता.

एका रविवारी औषधविक्रेत्याने दूरच्या कुठल्या मळ्यातून एक नारिंगी, देखणी मिरची आणली. ही नक्कीच, तो म्हणाला. मामाने ती धुतली, कापली, फोड मामीच्या हातात दिली. मामीने चावली. बराच वेळ चावली. मामा पुढे वाकला.

"लागत नाही," मामी म्हणाली.

"अरे वा!"

"पण वासही नाही. माझीला कसा घमघमाट असतो, तसा..." आणि ती थांबली.

"तुझीला?" मामा म्हणाला.

मामीने बशी पुसायला घेतली. बशी कोरडीच होती.

"तुझी कुठली मिरची?"

"आहे माझी. माझ्या पातेल्यात असते रोज."

"तुझ्या पातेल्यात मिरची असते?"

"तुम्ही फेकता ती. नापास झालेली. मग मी काय, फेकून देऊ?"

औषधविक्रेता उगाचच आपली बॅग बंद-उघड करत होता. मामा सावकाश म्हणाला, "मग इतके दिवस सांगितलं का नाहीस? मी मरत होतो ना!"

"पातेलं रोज समोर उघडं ठेवत होते. तुम्ही ताट उचलून पळत होतात." मामीने हनुवटी वर केली. "आणि मी तेव्हाच सांगितलं होतं. मागितल्याशिवाय वाढणार नाही."

"कधी सांगितलंस?"

"आजाऱ्याचं जेवण म्हणालात तेव्हा."

मामाला ते हळूहळू आठवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. मग तो आत गेला, स्वतःचं ताट घेऊन आला आणि मामीसमोर दोन्ही हातांनी धरलं.

"वाढ," तो म्हणाला.

मामी कोरडी बशीच पुसत राहिली.

"तुझ्या पातेल्यातलं वाढ. मी मागतोय. इतकी वर्षं मागायला हवं होतं ते आज मागतोय, आता तरी वाढ गं."

मामीने वाढलं. डोळे पदराला पुसले, मग वाढलं, भात आणि त्यावर पिवळ्या फोडींची भाजी. मामाने घास उचलला आणि खांदे आवळले. सवयच ती, इतकी वर्षं प्रत्येक घासाला जाळ यायचा. घास तोंडात गेला. तो वाट बघत राहिला. मग एकदम ताट दूर सारून ओरडला, "जहाजी! ही जहाजी आहे! मारतेस की काय मला?"

"लागतेय का?" मामीने विचारलं.

मामाने जीभ तोंडात फिरवली. "नाही."

"मग जेवा."

तो जेवला. हळूहळू, डोळे मिटून, मामीसारखाच. तोच वास होता, फळासारखा, पिकलेला, गोडसर, नाकात रेंगाळणारा. जहाजीच्याच कुठल्यातरी नापास लेकीने तो जपला होता आणि जाळ टाकून दिला होता. "हिला अशी चव होती?" मामा म्हणाला. "मी ही इतकी खाल्ली आणि मला हे माहीतच नाही?" त्याच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मामी घाबरून म्हणाली, "लागली की काय?" तो नुसता मान हलवत राहिला आणि खात राहिला. दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मी त्याच्या ताटातून एक फोड उचलली आणि त्या क्षणी पक्ष बदलला.

जेवण झाल्यावर तो मागच्या फरशीवर जाऊन उभा राहिला. गळक्या बादल्या, फुटका टब, शाम्पूचे कॅन, आणि सगळ्यांत पिवळ्या सुरकुतलेल्या मिरच्यांनी वाकलेली झुडपं. "मी इथे रोज चूळ भरतो," तो म्हणाला. "रोज!"

डॉक्टरीणबाईंकडे तो मिरची रुमालात घेऊन गेला. त्यांनी हुंगली, सुरीने कापली, स्वतः चाखली आणि रुमाल परत करताना विचारलं, "आणखी आहे?" मामाने तिथल्या तिथे खिशातून दुसरी काढली.

मामाला आता गच्चीभर हीच लावायची होती. मामीने अट घातली. "तुमच्या त्या राक्षसिणींच्या शेजारी माझं एकही रोप जाणार नाही. मधमाश्या तोंड घालतात आणि पुढच्या वर्षी मला उचकी लागते." मग मामाने कुंड्या वाटल्या. ट्रकवाली ट्रकवाल्याला, इन्स्पेक्टर इन्स्पेक्टरला. जहाजी बोटीवाल्याला दिली तेव्हा कुंडी सोडताना त्याने तिला एकदा नाकाशी धरलं. गच्ची रिकामी झाली आणि मग मामीच्या हाताने भरली. परीक्षा आता ती घ्यायची. मामा मागे पाण्याची झारी घेऊन उभा, आणि त्याला "नापास" हा शब्द उच्चारायची बंदी.

पण मिरचीचं नाव मात्र तेच पडलं. पहिलं मोठं पीक आलं तेव्हा मामाने टोपली भरून दुकानात ठेवली. गर्दी होती. हेडमास्तर खुर्चीत होते, आता निवृत्त झालेले, केस विरळ, पण तेलाने हात धुवून घेण्याचा नियम कायम. मामाने टोपलीतली एक मिरची त्यांच्यापुढे धरली.

"सर, एक चावा."

हेडमास्तरांनी दोन्ही गालांवर हात ठेवले. "शक्य नाही."

"लागणार नाही. माझ्या बायकोने पास केली आहे."

"नाव काय हिचं?"

"नापास."

दुकान हसलं. हेडमास्तर हसले नाहीत. ते मिरचीकडे बघत राहिले, मग आतल्या दारात उभ्या असलेल्या मामीकडे. "तुम्ही खाता का ही?" त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "रोज." तेव्हा त्यांनी मिरची घेतली, डोळे घट्ट मिटले आणि टोकाचा एवढासा तुकडा तोडला. ट्रकवाल्याने श्वास रोखला. मामाच्या हातातला ब्रश थांबला. हेडमास्तरांनी चावलं, एक डोळा उघडला, मग दुसरा. उरलेली मिरची देठापर्यंत खाल्ली आणि हात पुढे केला.

"आणखी एक द्या."

काय आरडाओरडा झाला! बँडवाला होताच, त्याच्याजवळ बाजा नव्हता म्हणून त्याने बिघडलेल्या खुर्चीच्या पाठीवर ताल धरला. टोपली संध्याकाळच्या आत रिकामी. बाजारातली भाजीवाली स्वतः चालत दुकानात आली आणि बियांसाठी मामाच्या नव्हे, मामीच्या मागे लागली. त्या दिवशी मामाने सगळ्यांची दाढी फुकट केली आणि प्रत्येकाला तीच तीच गोष्ट सांगितली. त्यात स्वतःचा मूर्खपणा दर वेळी थोडा वाढवून सांगितला, कारण लोक त्या जागी जास्त हसत होते.

संध्याकाळी मी घरात आले तेव्हा मामी स्टुलावर चढली होती. छोटं पातेलं घासून, पुसून तिने माळ्यावर ठेवलं आणि मला म्हणाली, "खाली काही पडलं नाही ना बघ." ओट्यावर मोठं पातेलं चढलेलं होतं आणि सगळ्या घरात तो वास. मामा दुकान बंद करून आत आला, हात तेलाने, साबणाने धुतले, ताट घेतलं आणि मामी काही बोलायच्या आत तिच्यापुढे धरलं.

"वाढ," तो म्हणाला. "मागतोय."